माझ्या पाटावर

१

रोज संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलं की आईला फोन करायचा, या एका अटीवर मला सोडलं होतं. 'सोडलं' हा शब्द बाबांचा. मी सव्वीस वर्षांची आहे, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि व्हिएतनामच्या तिकिटाचे पैसे तीन वर्षं क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवून मी साठवले होते. मला सोडणारे हे कोण? पण निघताना भांडण नको म्हणून अट मान्य केली. भांडण तसंही झालंच होतं.

भांडण हक्कसोडपत्राचं होतं. द्रोणागिरीला आजोबांची जमीन आहे. पूर्वी मिठागर होतं, आता अर्ध्या भागात खारफुटी वाढलीय. एका गोदामवाल्याला ती भराव घालून हवी आहे. कायद्याने त्या जमिनीत माझ्या भावाचा, प्रणितचा, जेवढा वाटा तेवढाच माझा. पण आमच्याकडे मुलींनी सही करून हक्क सोडायचा असतो. कोणी विचारत नाही. कागद पुढे करतात, पेन हातात देतात आणि वर एक साडी देतात.

"सगल्या पोरी करतात," बाबा म्हणाले. "तुजी सोनाबाई आत्या बघ. एका शब्दानं बोलली का?"

आत्या कशाला बोलेल? बाबांची ही मोठी बहीण आमच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर तांदूळ पाखडते. जुनं घर पाडून तीन मजली बंगला बांधला, पण ती खोली बाबांनी पाडू दिली नाही. मला कळायला लागल्यापासून त्या सुपाचा आवाज घरात आहे. काही विचारलं की आत्या हसते आणि मान हलवते. तरुणपणी फार भांडकुदळ होती म्हणे. मग सुधारली.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "माझ्याशिवाय विकून दाखवा."

नव्या बंगल्याची वास्तुशांत शुक्रवारी होती. मी मुद्दाम मंगळवारचं विमान घेतलं. आई दारापर्यंत आली. रडेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "पूजेला तुजी जागा मोकली राहील गं बाय. मोकली ठेवायची नसते."

बाहेर पायरीवर करंजा गावाकडची म्हणून जिला सगळे करंजावाली म्हणतात ती बसली होती. सुक्या मासळीची टोपली घेऊन ही म्हातारी महिन्यातून एकदा येते, विकत काही नाही, फक्त आमचं दार तळहाताने बडवते. 'येडी हाय, उघडू नका,' ही बाबांची लहानपणापासूनची शिकवण. तिने माझ्या सॅकचा पट्टा धरला.

"पूजा हाय ना तुमच्यात?"

"हो. सोडा."

"मग आता जाव नको."

अजून एक अडवणारी! मी पट्टा हिसकला आणि रिक्षात बसले.

२

एकट्याने फिरणं सोपं असतं. लोकांनी उगाच त्याचा बाऊ केलाय. हनोईहून मी रात्रीची ट्रेन पकडली. सहा बर्थच्या डब्यात एक आजोबा, त्यांचा पिंजऱ्यातला पक्षी आणि मी. सकाळी ट्रेनमधल्या बाईने ढकलगाडीवरून भाताची पेज आणली. खिडकीबाहेर भातखाचरं, म्हशी, मधूनच खाचरात पांढरी थडगी. हुए नावाच्या गावात उतरले, भाड्याने मोटरसायकल ठरवली आणि संध्याकाळी आईला फोन लावला.

"जेवलीस का?"

"जेवले. नूडल्स."

"भात नाय मिलत?"

"मिळतो गं. इथे भातच भात आहे."

आईचा फोन कायम एवढाच. एकच प्रश्न, मग मागून सुपाचा आवाज, मग 'ठेवते'. मला चीड यायची. मुलगी एकटी परदेश फिरतेय आणि हिला भाताची काळजी.

३

शुक्रवारी सकाळी साडेअकराला मी एका टपरीवर कॉफी पीत बसले होते. मोबाईल उघडायला अंगठा लावला. उघडला नाही. अंगठा पॅंटला पुसून पुन्हा लावला. तरी नाही. पाच वेळा करून शेवटी आकडे टाकले. घाम असेल. आदल्या दिवशी हॅंडल धरून हात घासले असतील. फोनला शिवी दिली आणि निघाले.

दुपारी प्रणितचा फोटो आला. होमाभोवती पाट मांडलेले. बाबा, आई, प्रणित, मागच्या भिंतीला टेकून आत्या. आणि बाबांच्या शेजारी एक पाट, त्यावर विड्याचं पान, पानावर सुपारी, सुपारीला हळदकुंकू.

खाली लिहिलं होतं, 'तू नव्हतीस म्हणून भटजींनी तुझ्या नावाची मांडली. प्रेझेंट लागली बघ मॅडमची!'

यात विशेष काही नाही. बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी मांडतात, तसंच हे. मी चिडले ते वेगळ्याच कारणाने. मला विचारलं होतं का कोणी? मी जाणूनबुजून गैरहजर होते. ती गैरहजेरी हेच माझं म्हणणं होतं. तेही यांनी पुसून टाकलं.

संध्याकाळी मी आईला फोन लावला. तिने प्रश्नच विचारला नाही. शेवटी मीच म्हणाले, "भूक लागलीय. बघते आता काहीतरी."

"भूक?" आई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आताच त जेवलीस. दोनदा भात घेतलास."

"आई, कोणाशी बोलतेयस?"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

पूजेला घरात पन्नास माणसं होती. आई दमली होती. मी स्वतःला हेच सांगितलं आणि रस्त्यावरच्या गाडीवर दोन वाट्या भात खाल्ला.

४

शनिवारी मी मोटरसायकलवरून हाय वान घाट ओलांडला. डावीकडे समुद्र, उजवीकडे ढगात गेलेला डोंगर. त्या घाटात मी ओरडून गाणं म्हटलं. वर चहाच्या दुकानापाशी उतरताना उजवी पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागली. चपातीएवढा नाही, पण पुरीएवढा तरी फोड आला. दुकानवालीने त्याला टूथपेस्ट फासली आणि पोट धरून हसली. तिथल्या प्रत्येक परदेशी माणसाच्या पोटरीवर हा शिक्का असतो, असं तिने खुणांनी सांगितलं.

पुढे मोटरसायकल परत केली आणि बसने दक्षिणेला गेले. ती झोपायची बस होती, बूट काढून पिशवीत घालायचे आणि अरुंद फळीवर आडवं व्हायचं. मला सा हुइन्हची मिठागरं बघायची होती. तिथेही मोटरसायकल घेतली.

मिठागर बघून मी बांधावरच थांबले. तेच चौकोन, तेच पाण्यावर पडलेलं ऊन, मीठ ओढायचं तसंच लांब दांड्याचं फावडं. आजोबांनी लहानपणी माझ्या हातात दिलं होतं ते. बायका काम करत होत्या. मी एकीकडून फावडं मागून घेतलं आणि मीठ ओढून दाखवलं. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. एकीने शाबासकी म्हणून माझा हात हातात घेतला.

मग तिने माझा अंगठा उलटा करून बघितला. स्वतःच्या अंगठ्याने चोळला. दुसरीला बोलावून दाखवला. दोघी हसायच्या थांबल्या. फावडं काढून घेतलं, पण रागाने नाही. जपून, म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या हातातून घेतात तसं.

मी अंगठा उन्हात धरला. त्यावर एकही रेघ नव्हती. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. बाकी नऊ बोटं धड होती.

मीठ बोटं खातं. आमच्या आजोबांचेही ठसे उमटायचे नाहीत, रेशनच्या दुकानात त्यावरून वाद व्हायचे. पण त्यांनी चाळीस वर्षं मीठ ओढलं होतं. मी दहा मिनिटं.

५

प्रणितचा फोन बुधवारी दुपारी आला. मी क्वांग न्गाईच्या बसस्टॅंडवर बाकड्यावर बसले होते.

"थॅंक यू यार," तो म्हणाला. "मला वाटलंच नव्हतं तू ऐकशील. बाबा तर रडले काल."

"काय ऐकलं मी?"

"अगं सही! किती शांतपणे केलीस. वकील पण म्हणाला, पोरगी समजूतदार आहे."

"प्रणित, मी व्हिएतनाममध्ये आहे."

तो हसला. "हो बाई. आणि मी चंद्रावर."

"माझी खोटी सही केलीत तुम्ही? कोणाला बसवलंत माझ्या जागी? मी पोलिसात जाईन, सांगून ठेवते. तुला पण आत टाकीन!"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "भाविका, असं काय बोलतेस? तूच तर होतीस सोबत. येताना खांदा कॉलनीच्या कोपऱ्यावर वडापाव खाल्लास. मिरची मला दिलीस." पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. "हां, आलो," तो त्या बाजूला म्हणाला. आणि मग मला, अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, "कोण बोलतंय आपण?"

तासाभराने मात्र त्याने कागदाचा फोटो पाठवला. कदाचित त्यालाही कुठेतरी खटकलं असेल. हक्कसोडपत्राचं शेवटचं पान. नोंदणीच्या वेळी कॅमेऱ्याने काढलेला चौकोनी फोटो, बाजूला अंगठा, खाली यंत्राने अंगठा जुळल्याची ओळ.

फोटोत मी होते. आईची हिरवी साडी, मधोमध भांग, तेल लावलेले केस. असा भांग मी जन्मात पाडलेला नाही. मोबाईलवर हल्ली कोणाचाही फोटो बनवता येतो, हे मला माहीत आहे. मी मोठा करून बघितला. हनुवटीखालचा तीळ जागेवर होता. चेहरा सगळा माझा. फक्त त्या चेहऱ्यात राग नव्हता. आत्ता नाही असं नव्हे. तो कधी आलाच नव्हता.

अंगठ्याच्या रेघा मात्र सुरेख उमटल्या होत्या.

६

मी व्हिडिओ कॉल केला. आईने उचलला. स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्याला टेकून ती उभी होती. मागे मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं.

"ती सुपारी उचलली का?"

"कंची?"

"आई, नाटक करू नकोस. माझ्या नावाची. कुठे आहे?"

आईने खांद्यावरून मागे बघितलं. "हाय ना. आत्याच्या सुपारीशेजारी, ताटलीत."

आत्याची सुपारी. मागच्या खोलीतल्या कोनाड्यात तांब्याच्या ताटलीत ती कायम होती, काळी पडलेली, चिंचोक्यासारखी. लहानपणी मी खेळायला घेतली तेव्हा आईने मला आयुष्यात एकदाच मारलं होतं.

"उचल ती. आत्ताच्या आत्ता खाडीत टाक."

"कशाला?" आई म्हणाली. "बसलीय ना नीट."

तेव्हा मला आवाज ऐकू आला. सुपाचा. पण एकाचा नाही. एक सूप आपटत होतं आणि ते थांबलं की दुसरं. दोघी जणी एकमेकींना ताल देत पाखडत होत्या.

दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि त्याने चहाचा कप घेतला. मनगटावर डाग होता, कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या हातावर ॲसिड सांडलं होतं तोच. मी माझं मनगट बघितलं. डाग होता. म्हणजे आता दोन होते.

"आई! कोण आहे ती? तुला कळतंय ना? तुला सगळं कळतंय!"

आईचे डोळे भरले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्याच्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली, "ती भांडत नाय गं. तुज्या बाबांना झोप लागते आता. तुला फिराचंच होतं ना? मग फिर, बाय. फिर."

७

मी मुंबईला उतरले आणि बसने पनवेलला घरी आले. वाटभर मनात भाषण तयार करत होते. वारसा कायदा, पोलीस तक्रार, खोट्या दस्तऐवजाचं कलम. मला अजूनही वाटत होतं की ही फसवणूक आहे. फसवणुकीशी लढता येतं. कुणीतरी माझ्यासारखी दिसणारी बाई, एक विकला गेलेला वकील आणि व्हिएतनामी मिठाने खाल्लेला एक अंगठा. असं मांडलं की सगळं जुळत होतं.

दुपारचे बारा वाजले होते. बंगल्यावर वास्तुशांतीची आंब्याची पानं सुकून करकरीत झाली होती. मी बेल दाबली. आईने साखळी न काढता दार चार बोटं उघडलं.

"हलू," ती म्हणाली. "जेवून आताच पडलीय."

"कोण पडलीय? नाव घे. घे ना नाव!"

आईने माझं नाव घेतलं. पण ते मला हाक मारायला घेतलं नव्हतं.

मागून बाबा आले. काशिराम घरत, गावकीत ज्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही ते माझे बाबा. मला वाटलं, हे चिडतील. मला तेच हवं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंही नाही. माझ्या सॅककडे बघितलं, पोटरीवरच्या पट्टीकडे बघितलं.

"उघडू नको गं," ते आईला म्हणाले. "येडी हाय."

दार बंद झालं.

८

मी दार बडवलं. आधी मुठीने, मग मूठ दुखायला लागल्यावर तळहाताने. समोरच्या बिल्डिंगमधली बाई गॅलरीत आली, कपडे काढून आत गेली. मी ओरडत होते. वाटा, कायदा, खारफुटी, सगळं ओरडून झालं. शेवटी पायरीवर बसले.

किती वेळ गेला माहीत नाही. शेजारी टोपली टेकल्याचा आवाज आला. सुक्या जवळ्याचा वास. करंजावाली माझ्या बाजूला बसली, फडकं सोडलं आणि तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली.

"जेवलीस का?"

त्या पूजेपासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी भाकरी घेतली. खाताना रडू येऊ नये म्हणून दात आवळून चावत होते.

"कंच्या गावाला गेलतीस?" तिने विचारलं.

"व्हिएतनामला."

"लांब हाय?"

"हो. ट्रेन, बस, मोटरसायकल."

"मोटरसायकल तू चालवलीस?" तिला ते फार आवडलं. "मी पुन्याला गेलते. चार दिस. शिवनकाम शिकाला. बापूस नको बोलला, तरी गेलते. मागं घरात पूजा होती."

तिने भाकरीचं पीठ झटकलं आणि उजवा हात माझ्यासमोर उघडला. तळहात दार बडवून बडवून चामड्यासारखा झाला होता. अंगठा मात्र गुळगुळीत, तान्ह्या मुलाचा असावा तसा.

मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. बाबांचं नाक. बाबांच्याच भुवया. आयुष्यभर मी हिला पायरीवर बघत आले होते. हिच्यासमोर दार लावणाऱ्यांमध्ये मीही होते. दहा वर्षांची असताना एकदा मी वरून हिच्या अंगावर पाणी ओतलं होतं.

"किती वर्षं झाली, आत्या?" मी विचारलं.

या नावाने तिचा घास थांबला. मग तिने तो नीट चावून गिळला.

"तुज्या बापाचं लगीन नवतं झालं तवापासनं."

चार दिवस. चार दिवस शिवणकाम शिकायला गेली म्हणून. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी उठले. तीही उठली, गुडघ्यावर हात देत, पदराने तळहात पुसून. आम्ही दोघींनी एकदम दार बडवायला सुरुवात केली. तिचा हात पडला की माझा, माझा पडला की तिचा. नवीन सागवानी दार, पण बिजागऱ्यांपाशी हलायला लागलं. मी शिव्या देत होते. ती काहीच बोलत नव्हती, फक्त मारत होती. तिला सवय होती.

मग माझ्या लक्षात आलं की आतला सुपांचा आवाज थांबलाय.

जन्मापासून ऐकलेला तो आवाज मी पहिल्यांदाच बंद झालेला ऐकला. आत्याचा हात हवेत राहिला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. इतकी वर्षं एकटीने बडवताना तो कधी थांबला नसावा.

आतून माझा आवाज आला. अगदी शांत, समजूतदार.

"आई, आज दोघी आल्यात. बघू का?"

आई काहीतरी म्हणाली. मग पावलं. दोन जोड्या, एकमेकींना ताल देत, मागच्या खोलीपासून बैठकीतून दारापर्यंत. दाराच्या खालच्या फटीतला उजेड दोन ठिकाणी तुटला.

मी वाकले. फरशीला गाल लावला. फटीपलीकडे पाय होते. म्हातारे, टाचेला भेगा नसलेले दोन. त्यांच्या शेजारी माझे. करंगळी आत वळलेली, डाव्या अंगठ्याचं नख वाकडं. हिरव्या साडीचा काठ हाताने जरा वर उचलला गेला, बसून बघायला उचलतात तसा. उजवी पोटरी दिसली. स्वच्छ होती. कुठेही न गेलेली.

माझी पोटरी ठणकत होती.

वर साखळी सरकल्याचा आवाज आला.